टोकाच्या खांबावरची हिरवी चिंधी

मी आज जो काही आहे तो हौसाक्कामुळे. हौसाक्का माझी थोरली बहीण. आमच्या माणमधल्या घरातून कॉलेजपर्यंत गेलेला मी पहिलाच... आणि ती शाळेची पायरीही न चढलेली. माझ्या शिक्षणासाठी ती दर हिवाळ्यात तासगावकडे द्राक्षाच्या विरळणीला जायची. घडातले जादा मणी कात्रीनं काढायचं काम.

मी साताऱ्यात विज्ञान शिकवतो. मुलांनी भुताखेतांचं काही काढलं की फळ्यावर कारणं लिहून त्यांना गप्प करतो. या ग्रुपवरचे लोकांचे असले अनुभवही आजवर वाचले ते चूक शोधायलाच. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय.

विरळणीत एक पद्धत होती. ओळ संपली की बाई टोकाच्या खांबाला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. मुकादमाला कळायचं, ही ओळ कुणी पुरी केली. आक्काची चिंधी हिरवी. गाठही तिचीच — तीन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. होस्टेलवर एसटीनं येणारं माझं भाकरीचं फडकं त्याच गाठीचं असायचं. मी ती दातानं सोडायचो.

पुढं त्या बागेच्या मालकांनी वाइनचा छोटा कारखाना काढला, पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. आक्का एकदा म्हणाली, "आपुन बी एकदा तितं नुसतं बसायचं रं. कात्री न्हाई, काय न्हाई."

"नेतो की. वाइन पिशील?"

"तू पाजलीस तर पिती की!" पदर तोंडाला लावून किती हसली.

मग माझं बी.एड., नोकरी, लग्न, घर... बारा वर्षं, दर वर्षी 'पुढच्या वर्षी'. गेल्या पावसाळ्यात तिला लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हा मला घाई सुटली. फेब्रुवारीतले दोन दिवस ठरवले, घड पिकलेले असतात म्हणून. डॉक्टर सावकाश न्या म्हणाले. गाडी ठरली, चाकाची खुर्ची मिळाली. खोलीच्या दारातून ती खुर्ची जाते का, हे मोजायला जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी टेप घेऊन एकटाच बागेवर गेलो.

तिथला मॅनेजर म्हणाला, "आवं सर, तुमची खोली नको म्हणून सांगितलं की. तुमच्या बहीण मगाशी येऊन गेल्या."

"कोण बहीण?"

"हौसाबाई. मांडवाखाली तासभर बसल्या. पिठलं-भाकरी खाल्ली. म्हणल्या, भाऊ येईल, त्याला सांगा मी बसून घेतलं, आता खोली नको. लय गोड बाई. वाइन देऊ का इचारलं, तर हसल्या. म्हणल्या, ती भाऊ पाजणार हुता."

बुकिंग माझ्या नावावर होतं. तिचं नाव मी तिथं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"चालत आल्या?"

"मग काय उडत?" तो हसला. "त्या कडंच्या ओळीनं गेल्या बगा."

मी त्या ओळीनं गेलो. टोकाच्या खांबाला हिरवी चिंधी होती. तीन वेढे, टोक आत. मागून आलेला मॅनेजर म्हणाला, "विरळणी कवाच झाली. आता ही कुणी बांधली?"

बोटांनी गाठ सुटेना. दातानं सुटली.

तिथूनच भाचीला, मनीषाला, फोन केला.

"मामा, ऊन लागलं का तुमास्नी? आई हितंच हाय, खाटंवर. मी सकाळधरनं जवळच बसलीया." मग म्हणाली, "दुपारी पेज तेवढी घेईना. तोंडच उघडंना... पोट भरल्यावानी."

घरी येऊन कारणं कागदावर लिहिली. दुसरी कुणी बाई असेल. जुनी चिंधी राहिली असेल. योगायोग. पण तिचं नाव, ती वाइनची गोष्ट, ती गाठ... यांच्यापुढे कागद कोराच राहिला. तो अजून तसाच आहे.

त्या दिवसापासून आक्का खालावत गेली. आता प्रवासाचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. गेल्या आठवड्यात मी तिला पत्र पाठवलं. ते खाली देतोय.

ती. हौसाक्कास,
शि. सा. नमस्कार.
मनीषा हे तुला वाचून दाखवेल. खोली मी सोडलेली नाही, तारीख पुढं ढकललीय. तू जाऊन आलीस का, एवढं डोळ्यांनी तरी सांग. आली असलीस तर थोडं थांबायचं होतंस. मी वाटेतच होतो गं, कराडला उगाच चहाला थांबलो. बारा वर्षं थांबलो, वर तेही.
तुझी चिंधी मी सोडून आणली आहे. माझ्या कपाटात आहे. तुझी ओळ संपली हे मुकादमाला कळू द्यायचं नाही.
तुझा,
बाळू