आकडा बरोबर होता

"चूक कुणाचीच नाही, असं कसं म्हणता बाई?"

"मावशी, आवाज खाली. शेजारी तास चालू आहे."

मावशींचा आवाज मुळात चढलेला नव्हताच. एकोणीस वर्षं या शाळेचे तीन मजले झाडून त्यांचा आवाजही झाडूसारखा झाला होता. कानावर पडे, पण कुणी मान वळवत नसे.

काल आगीचा सराव होता. भोंगा वाजला, सातवीचा वर्ग रांगेनं मैदानावर उतरला. मॉनिटरनं डोकी मोजली, आकडा बरोबर आला, वर्गाच्या बाईंनी सही केली. अर्ध्या तासानं मावशी तिसरा मजला झाडायला गेल्या, तर कुबड्या घेऊन चालणारी ती मुलगी बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून घेत होती.

"आजची सोबत आली नाही," ती म्हणाली. पेन्सिल थांबली नाही.

आकडा बरोबर कसा आला, तर खेळाच्या तासाला ती वर्गातच बसते. मैदानावरची मोजणी वर्षभर तिला सोडूनच होते. कालही तशीच झाली.

वर्गाच्या भिंतीवर सोबतीचा तक्ता आहे, बाईंनी हौसेनं रंगवलेला. रोज एकाचा वार. ज्याचा वार, त्यानं तिचं दप्तर घ्यायचं, जिन्यात एक कुबडी धरायची, डबा तिच्या शेजारी बसून खायचा. मग नावापुढे तारा. तिला कुणी कधी चिडवलं नाही, हे बाई प्रत्येक पालकसभेत सांगतात, आणि ते खरं आहे. वार नसताना तिच्या शेजारी कुणी बसलंही नाही.

काल जिचा वार होता ती तापानं घरी होती. आज सकाळी बाईंनी अख्ख्या वर्गाला उभं करून विचारलं. माझा वार नव्हता, माझाही नव्हता, असं करत प्रश्न शेवटच्या बाकापर्यंत गेला. तिथला एक म्हणाला, मला जिन्यात आठवली होती ती, पण दुसऱ्याचा तारा आपण कसा घ्यायचा? वर्ग हसला. तीही हसली.

आता बाईंनी तोडगा काढला होता. मुख्याध्यापकांचा होकारही आणला होता. उद्यापासून तक्ता बंद. मावशींनी दिवसभर तिच्याजवळ बसायचं, झाडलोट दुसरं कुणी बघेल. तेवढेच तुमचे गुडघे वाचतील, असंही बाई म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या.

"म्हणजे बाकीचे सुटले," मावशी म्हणाल्या.

"सुटले काय, पोरं आहेत ती. तुम्ही तरी समजून घ्या. भावाला पाठीवर घेऊन शाळेत जायचात ना तुम्ही? मी सगळ्यांना सांगते."

सांगायच्या खऱ्या. मावशींनी एकदा चहा पिता पिता त्यांना सांगितलं होतं, पण अर्धंच.

भावाचे पाय लुळे. मावशी आठ वर्षांच्या झाल्या तेव्हापासून तो त्यांच्या पाठीवर. सहा वर्षं. शाळेत पोरं म्हणायची, "आली बघ घोडागाडी," आणि बाजूला सरून वाट द्यायची. प्रेमानंच. मग मावशींचं लग्न झालं. दुसऱ्या दिवसापासून भाऊ उंबऱ्यावर बसायला लागला. त्याच्या वर्गातली पोरं त्याच दारावरून शाळेत जायची. काय रे, बरं आहे का, विचारायची. तोही बरं आहे म्हणायचा. वाईट त्यांच्यात एकही नव्हतं. पाठीवरचं ओझं मावशींचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, एवढंच. आता तो त्याच उंबऱ्यावर बसून खुर्च्या विणतो.

बाईंनी मावशींच्या नावानं लिहिलेला काम बदलून मिळण्याचा अर्ज पुढे सरकवला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती.

"तुमच्या पाठीवर बसून तो शिकला ना, मावशी? मग हिच्या शेजारी नुसतं बसायला तुम्हाला काय जड जातंय?"

मावशींनी फडकं पिळलं, बादलीच्या काठावर टाकलं. बादली उचलली, झाडू काखेत मारला आणि त्या बाहेर पडल्या. तिसरा मजला अजून झाडायचा होता.