कुलूपबाईंचं कपाट

कुलूपबाईंचा राग म्हणजे हवा तेव्हा सोडला, नको तेव्हा बंद केला असा नळ नव्हता. तो त्यांचा कणाच होता. त्याच्या जोरावरच त्या ताठ उभ्या असत. चादरीला सुरकुती दिसली की राग, वाटेत कुणी बादली ठेवली की राग, आणि कुणी प्रेमानं "बाई, तुम्हाला फार राग येतो हो" म्हटलं, तर त्याचा वेगळा राग. नवरा निवृत्त सुतार, स्वभावानं लोण्यासारखा. तो म्हणायचा, "आमच्याकडे गॅस संपला तरी अडत नाही. हिच्या डोक्यावर आधण ठेवलं की झालं."

बाई पालिकेच्या बेघर निवाऱ्याच्या काळजीवाहक होत्या. निवारा म्हणजे जुन्या गोदामाचे दोन हॉल, एक पुरुषांचा, एक बायकांचा, मधे पॅसेज आणि मागे मोरी. भिंती पालिकेच्या, आणि आतला साबण, वीज, चादरी, बाईंचा पगार, सगळं पालिकेच्या वार्षिक अनुदानावर. ते अनुदान दरवर्षी मंजूर व्हायचं, आणि यायचं मात्र साबण संपून, लोक नुसत्या पाण्यानं हात धुवायला शिकल्यावर.

त्याआधी बाईंनी इस्पितळाच्या धोबीखान्यात उमेदीची वर्षं घालवली होती. तिथली सवय हाडांत मुरलेली. सकाळी माणसं बाहेर पडली की त्या एकेक खाट झाडून चादर अशी ताणायच्या, की तिच्यावर बसलेली माशी घसरून पडावी. ब्लँकेटची घडी उशाशी, उशी घडीवर. "अहो, रात्री पुन्हा विस्कटणारच ना?" असं एकदा नवऱ्यानं विचारलं. "दिवसभर लोकांची हाडहाड ऐकून येतात," बाई म्हणाल्या, "निदान बिछान्यानं तरी 'या' म्हणावं."

आणि कुलूपबाई हे नाव पडलं ते कपाटावरून.

झालं असं, की निवाऱ्यात एक रंगारी राहायचा. उंच इमारतींच्या भिंती रंगवणारा, पण स्वतःची अशी एकही भिंत नसलेला. एका पहाटे त्याचे बूट चोरीला गेले. अनवाणी माणसाला मुकादम परांचीवर चढू देईना. रंगाऱ्याची हातातली मजुरी गेली आणि तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाईंना इतका राग आला, की नेमका कुणाचा ते त्यांनाही कळेना. त्यांनी आधी नवऱ्याचे जुने बूट आणून रंगाऱ्याच्या पुढ्यात आदळले, मग नवऱ्यालाच कामाला जुंपलं. त्यानं दारापाशी खणाखणांचं लाकडी कपाट ठोकून दिलं. माणूस आत आला की चपला-बूट बाईंच्या हातात, बाईंच्या हातून खणात, आणि शेवटचा माणूस आला की कपाटाला कुलूप. किल्ली बाईंच्या गळ्यातल्या दोऱ्याला. सकाळी हजेरी झाली की ज्याचे त्याला परत. खाटा जितक्या, खण तितके. रंगाऱ्यानं कपाटावर सुबक अक्षरात लिहून दिलं: 'काढलेले बूट हजेरीनंतर मिळतील. सर्वांना.' तेव्हापासून चोरी बंद झाली आणि नाव चालू झालं.

त्या वर्षी थंडी तोंडावर आली असताना पालिकेच्या लेखा विभागातले साहेब तपासणीला येऊन गेले. येऊन गेले म्हणजे काय, तर भर दुपारी खिडकीशी आले, काचेला नाक लावलं, बरोबरच्या कारकुनाकडून फोटो काढून घेतले आणि गेले. बाई मागं मोरीत चादरी पिळत होत्या, त्यांना पत्ताही लागला नाही. पत्ता लागला तो अहवालातून. 'खाटा न वापरलेल्या आढळल्या. निवारा विनावापर. शहरात बेघरांची मागणी दिसत नाही. सबब अनुदान चौकातील नियोजित कारंज्याकडे वळवावे.'

मागणी! जणू बेघर माणूस म्हणजे बाजारात न खपणारं बिस्कीट.

बाईंनी तो कागद तीनदा वाचला. खाटा न वापरलेल्या दिसण्याचं कारण त्यांच्याच ताणलेल्या चादरी होत्या. ज्या हातांनी इतकी वर्षं 'या' म्हटलं, त्याच हातांचा पुरावा करून दाराला टाळं लावायला निघाले होते लोक. त्या धुणं तसंच टाकून ओल्या हातांनी पालिकेच्या कचेरीत गेल्या.

"साहेब, निवाऱ्याच्या भिंतीवर तुमचीच पाटी आहे. सकाळी आठनंतर आत कुणी थांबायचं नाही. माणसांना तुम्हीच बाहेर काढता आणि दुपारी येऊन विचारता, माणसं कुठायत?"

"पाटी समाजकल्याण विभागाची आहे बाई. तपासणी लेखा विभागाची."

"आणि माणसं? ती कुठल्या विभागाची?"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"संध्याकाळी या, दाखवते."

"संध्याकाळी ऑफिस सुटतं. तपासणी कामाच्या वेळेतच करावी लागते."

"बरं. मग सांगते आमच्या लोकांना, ऑफिसच्या वेळेत बेघर व्हा, संध्याकाळी आपापल्या बंगल्यावर जा."

कारकुनाला अचानक खोकला आला. साहेब मात्र वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. हे नुसते थकलेले होते. म्हणाले, "ठीक आहे, उद्या येतो. चारला येतो, खास तुमच्यासाठी. परवा सभा आहे, त्यात काय ते कायम होईल."

घरी नवऱ्यानं तोडगा काढला. "उद्या बिछाने करूच नकोस. विस्कटलेले दिसू देत."

बाईंनी प्रामाणिक प्रयत्न केला. सकाळी सगळे गेल्यावर त्या हाताची घडी घालून पॅसेजमध्ये बसल्या. मग एकच उशी सरळ केली. मग उशी सरळ आणि चादर वाकडी हे बघवेना. दुपारपर्यंत दोन्ही हॉल आरशासारखे लख्ख. स्वतःवर इतक्या चिडल्या, की जेवल्याच नाहीत.

चारला साहेब आणि कारकून आले. गाडी लांब उभी करावी लागली होती, कारण निवाऱ्यासमोरच्या रस्त्यावर पालिकेनं खडी पसरून ठेवली होती आणि डांबर पाठवायचं विसरली होती.

"बूट," बाई म्हणाल्या.

साहेबांनी बूट काढले. चकाकते, काळे, लेसचे. उजव्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. तो त्यांनी लाजून आत ओढून घेतला. बाईंनी दोन्ही जोड खणांत ठेवले आणि कुलूप लावलं. सवयीनंच.

साहेब दोन्ही हॉल फिरून आले. हात लावून चादर बघितली. "बाई, तुम्ही फार छान ठेवलंय हो. पण खरं सांगा, इथं कोण झोपतं? मी काय लिहू? मला जे दिसतं तेच लिहावं लागतं." आणि दाराकडे वळून म्हणाले, "चला, बूट द्या."

आता, बाईंनी काही ठरवून केलं असं म्हणणाऱ्यांना बाई ठाऊक नाहीत. त्यांचा हात किल्लीकडे गेलाही होता. मधेच थांबला.

"हजेरीनंतर मिळतील," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वाचा की. मोठ्या अक्षरात आहे. सर्वांना."

"बाई, हे बेकायदेशीर आहे!"

"असेल. पोलिसांना बोलवा. तेही बूट काढूनच आत येतील."

साहेब लाल झाले. दार सताड उघडं होतं, कुणी अडवलं नव्हतं. त्यांनी एक पाऊल बाहेर टाकलं, खडीवर ठेवलं, आणि "आई गं" करत आत घेतलं. कारकून म्हणाला, "साहेब, डांबराची फाइल आपल्याच टेबलावर आहे."

"गप्प बसा हो!"

मग दोघं एका खाटेच्या कडेला बसून राहिले. बाईंनी त्यांना पाणी दिलं, पण भांडं असं टेकवलं, की निम्मं सांडलं.

अंधारू लागल्यावर माणसं येऊ लागली. पहिली आली ती इस्पितळात झाडलोट करणारी बाई, एका पायात निळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. मग खानावळीत भांडी घासणारा, त्याचे रबरी बूट उपडे केल्यावर पाणी निघालं. मग दुकानावरचा दिवसपाळीचा पहारेकरी. मग सिमेंटनं दगड झालेले जोड, तारेनं शिवलेले जोड, रंगाचे शिंतोडे उडालेले जोड. तो रंगारीच होता.

"बाई, हे कोण?" त्यानं विचारलं. "नवीन आलेत?"

"हो. लेखा विभागाचे बेघर."

"काका, जरा उठता का?" रंगारी साहेबांना अदबीनं म्हणाला. "ही माझी खाट. तुम्ही दमला असाल तर बसा म्हणा, मी खाली टेकतो."

साहेब ताडकन उठले. उभं राहायला जागा शोधू लागले आणि ती सापडेना. सगळीकडे कुणीतरी पाय चोळत होतं, कुणी सदरा वाळत घालत होतं, कुणी ताणलेल्या चादरीवर जपून टेकत होतं.

सगळ्यात शेवटी मास्तर आले. म्हातारे, एके काळी खासगी शिकवण्या घेणारे. फाटलेल्या चपला काखेत धरून, खडीवरून अनवाणी. चपला आणखी झिजू नयेत म्हणून. बाईंनी हात पुढे केला आणि कपाटाकडे वळल्या. खण भरलेले. एकही मोकळा नव्हता.

त्यांनी साहेबांचे आणि कारकुनाचे बूट काढून दोघांच्या पुढ्यात ठेवले.

"घ्या. जागा लागतेय."

साहेब वाकून लेस बांधू लागले. गाठ पडेना. खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "आणखी येतील?"

"येतील की. थंडी पडली की रोज येतात. त्यांना जागा नाही म्हणून सांगावं लागतं." बाईंचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "ते मी सांगते, साहेब. दारात उभी राहून, तोंडावर. तुम्ही नुसतं लिहिता. एकदा या सांगायला."

साहेबांनी लेस तशीच बुटात खोचली. खडीवरून गाडीपर्यंत बूट करकरत गेले, तेवढंच ऐकू आलं.

सभेत अहवाल बदलला. अनुदान चालू राहिलं. वाढलं मात्र एका खाटेपुरतंही नाही. त्याच बैठकीत कारंजंही मंजूर झालं, रंगीत दिव्यांसकट. बाईंना सरकारी बूट अडवल्याबद्दल लेखी समज मिळाली. ती त्यांनी कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली घडी करून सारली.

आणि नवऱ्याला म्हणाल्या, "दोन खण वाढव."

"का गं? खाटा वाढल्या?"

"कुठल्या वाढतायत! पुढच्या वर्षी तपासणीला येतीलच की मेले. तेव्हा मास्तरांना ताटकळत ठेवणार नाही मी."