दुखत नव्हतं म्हणून

पाय दुखत नाही म्हणजे देवी पावली, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की अजून माझं डोकं फिरतं. डोंबलाची पावली!

साठ-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. लोणावळ्यात एका डॉक्टरांकडे मी रक्त-लघवी तपासायचं काम शिकत होते, दवाखान्यामागच्या खोलीतच राहत होते. आई कुसगावात, अर्ध्या तासाच्या वाटेवर. तिला मधुमेह, गोळ्या आठवल्या तर घ्यायची. डॉक्टर मला नोकरीत कायम करेपर्यंत पायात चपला घालणार नाही, असा नवस ती डोंगरावरच्या देवीला बोलून बसली होती. मला न विचारता! शेताचे बांध, रस्त्यावरची खडी, देवीच्या पायऱ्या, सगळं अनवाणी.

चैत्रात तापलेल्या पायऱ्या चढून आली आणि तळव्याला हा एवढा फोड. फुटला, चिघळला, पण दुखेना. झालं! आळीतल्या बायका तिच्या पाया पडायला लागल्या. "देवीनं दुखनं काढून घेतलं गं बाय," म्हणायच्या आणि जखमेत अंगारा भरायच्या. आमची आई, एरवी साध्या सर्दीनं घर डोक्यावर घेणारी, तोऱ्यात पाय पुढं करून बसायची.

मी गेले ती पंधरा दिवसांनी. दारातच वास आला.

"आये, हे कधीपासनं?"

"दुकत न्हाई गं. कशाला वरडतीस?"

दंडाला धरून दवाखान्यात आणली. रक्त मीच काढलं आणि बारीक काचेच्या नळीत उभं ठेवलं. तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात ते पाहायचं. अंगात जखमेचं विष पसरलं असेल तर त्या भराभर बसतात. एरवी नळीचा वरचा बोटभर भाग पिवळा दिसतो. आईची निम्मी नळी पिवळी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींची नुसती झुंबड. साखरेचं तर विचारूच नका. पाय गप्प होता आणि रक्त बोंबलत होतं.

डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. आई हललीसुद्धा नाही. "पायाच्या नसा मेल्यात, म्हणून दुखत नाही," ते म्हणाले. "आजच पुण्याला न्या."

पुण्यात उजवा पाय गुडघ्याखाली काढला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला कायम केलं. खाटेशी बसून तिला सांगितलं, तर बाई हात जोडून म्हणाली, "नवस फिटला. आता माज्या चपला आन."

रागारागानं बाजारात गेले. जोडच घ्यावा लागला. डावी तिच्या पायात घातली. उजवी पिशवीत टाकून थेट कुसगाव गाठलं आणि आळीतल्या बायकांच्या पुढ्यात आपटली. "घ्या! आता हिच्या पाया पडा!"

मग शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "आन पंदरा दिस तू कुटं व्हतीस, बाय?"

कायम व्हायचं म्हणून मी रविवारीसुद्धा कामावर होते. त्या म्हातारीचा मला सगळ्यात जास्त राग आला. अजून येतो.