सीडीतला खोकला

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. कोणी सीडीचा विषय काढला की मी सोयाबीनवरच्या अळीकडे वळत असे.

माझा मित्र जऊळक्याचा, निवृत्त शाळामास्तर. त्याचे वडील तरुणपणी एका मैफलीत पहिल्या रांगेत बसले होते. पुढे त्या मैफलीची सीडी निघाली. दुसऱ्या गाण्यात तान संपता संपता वडिलांचा खोकला स्पष्ट ऐकू येई. त्यांचा तेवढाच आवाज जगात उरला होता. पितृपक्षात त्यांच्या तिथीला मित्र ती सीडी लावायचा. सगळे डोळे मिटून बसत. खोकला झाला की हात जोडायचे, मग जेवायचं. त्याआधी पानाला कोणी हात लावत नसे.

एकदा मी ती सीडी ऐकायला घरी नेली. त्याच सुमारास ज्वारीवर पाखरं उतरली, म्हणून घरातल्या जुन्या सीड्यांना तापल्या खिळ्याने भोकं पाडून मी त्या शेतात टांगल्या. त्यात तीही गेली. सापडली तेव्हा वाऱ्यावर छान चमकत होती.

वाशीमच्या दुकानातून तोच अल्बम मागवला. वरचं चित्र तेच, फक्त कोपऱ्यात 'रीमास्टर्ड' लिहिलेलं.

"काका, जुन्यापक्षा लय भारी हाय," दुकानदार म्हणाला. "खरखर, पंख्याचा आवाज, सारं काढून टाकलं."

आपण मित्राला उलट चांगलीच वस्तू देतोय, अशा समाधानात मी ती त्याच्या डबीत घालून परत केली.

तिथी आली. पानं वाढली. तानपुरा कधी नव्हे इतका स्वच्छ वाजला. तान संपली. खोकला नाही.

मित्राने गाणं पुन्हा लावलं. पुन्हा नाही.

"बाबा काहून आले नाही?" त्याचा चेहरा उतरला.

"रुसले असतीन," त्याची बहीण म्हणाली. "कढीत मीठ कमी हाय, मी सांगूनच राह्यली होती."

"मंग जेवाचं का नाही?" त्याच्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं.

तिसऱ्यांदा तान संपत आली तेव्हा मित्राच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी स्पीकरला टेकून बसलो होतो. तोंडावर रुमाल धरला आणि खोकलो.

सगळ्यांनी हात जोडले.

तेव्हापासून दर तिथीला मी स्पीकरजवळची जागा सोडली नाही. एका वर्षी मला खरंच सर्दी झाली होती. मित्राने काळजीने सीडीपुढे काढा ठेवला.

गेल्या महिन्यात तो मालेगावच्या दवाखान्यात होता. मी ठरवूनच गेलो. त्याचा हात धरला.

"तुले एक सांगाचं हाय," मी म्हणालो.

"सांग ना बे."

तोंड उघडलं आणि खोकलाच आला. त्याने डोळे मिटले. सलाइन लावलेला हात कसाबसा उचलून दुसऱ्या हाताला जोडला.

"बाबा," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात तो गेला. मला एवढंच म्हणायचं होतं: माफ कर गड्या, तुझा बाप मी ज्वारीत टांगला.