दाव्याची गाठ

सुकन्याला लहानपणापासून किळस फार. दुसऱ्यानं तोंड लावलेल्या तांब्यातलं पाणी ती पीत नसे, आणि पंगतीत शेजारच्यानं ताटातच हात धुतला की ती जेवण टाकून उठे. शिरूर अनंतपाळजवळच्या गावात सात एकर रान आणि तीन म्हशी सांभाळणारे तिचे वडील, नाव श्रीमंत, हसून म्हणायचे, "आमच्या घरात ही कलेक्टरीण कुठून आली की!" पण ही कलेक्टरीण शेण काढायला किंवा म्हशीचं दावं खुंट्याला बांधायला कधी कचरली नाही. जनावरांची घाण तिला घाण वाटत नसे, माणसांची वाटे.

पुढं ती लातूरच्या एका शाळेत खेळाची बाई झाली आणि सव्विसाव्या वर्षी तिनं हिमालयाचा ध्यास घेतला. लातुरात अमरेश सरांची गिर्यारोहणाची अकादमी होती. कोरलेली दाढी, गळ्यात शिट्टी आणि लातूरच्या उन्हात अंगात फुगीर जॅकेट! "दहा वर्षं झाली मला बर्फात," हे ते दर चार वाक्यांनी सांगत. त्यांच्या वीस दिवसांच्या प्रशिक्षण मोहिमेत सुकन्यानं नाव दिलं. नांदेडहून अमृतसरची गाडी सुटायच्या आधीच शाल, श्रीफळ, फेटा सगळं उरकलं होतं आणि गावच्या चौकात तिचा फ्लेक्सही लागला होता, 'शिखरकन्या'. शिखराचं नाव छापणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं नुसता एक डोंगर टाकला होता.

हिमाचलातल्या तळावर तिला पहिल्यांदा दिसला तो उकिरडा. नूडल्सची पाकिटं, बाटल्या, आणि दगडामागं बसून गेलेल्या माणसांच्या खुणा. देवाच्या घरात येऊनही यांना घाणच करायची असते, असं तिच्या मनात आलं आणि दोन दिवस तिला नीट जेवण गेलं नाही.

शिकवणाऱ्याला तिथं उस्ताद म्हणतात. त्यांचे उस्ताद बुटके, मितभाषी, गालाची कातडी रापून काळी पडलेली. बुटाला लोखंडी दात बांधून बर्फावर चालणं, मुद्दाम घसरणं आणि कुऱ्हाड रोवून स्वतःला थांबवणं, असलं सगळं त्यांनी शिकवलं. सुकन्या पोट सोलून निघेपर्यंत घसरली आणि खूष झाली. अडलं ते गाठीपाशी. कमरेला दोरी बांधायची ती आठाच्या आकड्यासारख्या गाठीनं, पण सुकन्याच्या हातांनी पहिल्या दिवशी आपणहून दाव्याची गाठ मारली. गोठ्याला आग लागली तर एका हिसक्यात जनावर सोडता यावं म्हणून घरोघरी मारतात ती. उस्तादांनी मोकळं टोक एका बोटानं ओढलं आणि गाठ सुटली. "ये भैंस के लिए अच्छी है, बेटी," एवढंच ते म्हणाले. सुकन्या शरमली. मग तिनं हातमोजे घालून, डोळे मिटून, आठाची गाठ इतक्यांदा मारली की चौथ्या दिवशी हात चुकायचं विसरले.

उस्तादांचा आणखी एक नियम होता. निघण्याआधी जोडीदाराची गाठ हातानं चाचपायची आणि काय दिसलं ते मोठ्यानं बोलायचं. अमरेश सर या सरावाला एकदाही आले नाहीत. ते बाहेर उभे राहून मोबाईलवर लातूरकरांशी बोलत. "मला काय शिकवता?" म्हणत.

शिखराच्या दिवशी पहाटे दोरीवर सुकन्याची जागा सरांच्या मागं आली. तिनं त्यांची गाठ चाचपली आणि तिचा हात तिथंच थांबला. ही गाठ तिनं जन्मभर मारली होती.

"सर, ही दाव्याची गाठ हाय," ती मोठ्यानं म्हणाली.

"तोंड सांभाळ, सुकन्या. दहा वर्षं झाली मला!"

उस्ताद आले. त्यांनी बोट घातलं आणि दोरी सरांच्या पायाशी पडली. दहा वर्षं या माणसाला दुसऱ्यांनीच बांधलं होतं. उस्ताद म्हणाले, हे वर येणार नाहीत. झालं! सरांनी तासभर आरडाओरडा केला, ऊन वर आलं, बर्फ भुसभुशीत झाला, आणि उस्तादांनी सगळ्यांनाच माघारी फिरवलं. शिखर समोर दिसत होतं. सुकन्या संतापानं रडली.

खाली येताना एका उंचवट्यावर सरांनी फोटोसाठी झेंडा काढला. "मागं नुसतं आभाळ दिसून राहिलं. कोणाला काय कळतंय?" सगळे उभे राहिले. सुकन्याही उभी राहिली.

गावात जेसीबीच्या खोऱ्यातून गुलाल उधळला गेला, हलगी कडाडली. मंडपात श्रीमंत पहिल्या रांगेत बसले होते. पार नांदेडकडच्या उमरीपासूनचे पाहुणे त्यांनी गोळा केले होते. स्टेजवर झेंड्याचा फोटो पुरुषभर उंच. अमरेश सर माईकवर म्हणाले, "पुढच्या महिन्यात किनवटच्या वसतिगृहातल्या अठरा लेकी माझ्या दोरीवर चढतील!" शेजारी वसतिगृहाच्या महामाया बाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढं मुलींच्या आईबापांच्या सह्यांची संमतीपत्रं होती.

अठरा मुली, आणि त्या गाठीवर. बोललं तर बापाचं नाक कापलं जाणार, पाहुण्यांदेखत. तिनं माईक घेतला.

"आम्ही शिखरावर गेलोच न्हाई. हा फोटो खालचा हाय."

मंडपात खसखस पिकली. सर हसून म्हणाले, "थकलीय पोरगी."

स्टेजवर दाखवायला मांडून ठेवलेल्या मोहिमेच्या सामानातली दोरी तिनं उचलली. "मग कमरेला बांधून दाखवा, सर."

हजार माणसांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. सरांनी दोरी कमरेला गुंडाळली आणि हात चालवले. एकदा उघडा पडूनही हा माणूस गाठ शिकायला बसला नव्हता! पहिल्या रांगेतून श्रीमंत उठले, गुलालानं माखलेले, आणि स्टेजवर चढले. त्यांनी वाकून पाहिलं आणि एका बोटानं टोक ओढलं. दोरी खाली पडली.

"आरं, ही तर म्हशीची गाठ," ते म्हणाले. माईक नसूनही ते मागपर्यंत ऐकू गेलं. "हिच्यावर लेकरं टांगणार व्हय तुम्ही?"

कोणी हसलं नाही. मंडपातल्या प्रत्येकानं ती गाठ रोज मारलेली होती. महामाया बाईंनी संमतीपत्रं उचलून पर्समध्ये घातली आणि चेन ओढली. तरी जेवणाच्या रांगेत दोघंतिघं सरांबरोबर सेल्फी काढत होतेच. ते पाहून सुकन्या न जेवता घरी आली.

न्हाणीपाशी ती हात घासत बसली. गुलाल काही निघेना. श्रीमंत तांब्यानं पाणी घालत होते.

"फोटोत तू बी हायस की," शेवटी ते म्हणाले.

"हाव."

"दात काढून हायस."

सुकन्यानं मान खाली घातली आणि पुन्हा साबण घेतला.