बाटलीतलं कालचं पाणी

ढाणकीला आईकडे आले होते झोप काढायला, पण लॅपटॉप काही पाठ सोडत नव्हता. आमचं काम सांगायला सोपं, करायला जीवघेणं. प्रथिन पाण्यात विरघळवायचं, लेझरने एकदम तापवायचं आणि ते कसं हलतं, ते क्ष-किरणांच्या प्रखर झोतांनी टिपायचं. यंत्र परदेशात. वर्षभर वाट पाहिली तेव्हा तीन दिवस मिळाले.

दोन महिने झाले, आलेख काही केल्या जुळेना. शेवटी सरांनी ठरवून टाकलं की प्रथिनच खराब होतं. म्हणजे दोष लॅबमधल्या ज्युनिअर मुलीचा; आठ महिने थंड खोलीत स्वेटर घालून तिनेच ते तयार केलं होतं. तिला या कामातून काढायचं ठरलं आणि मीही, खरं सांगते, मान डोलावली. इतकी थकले होते, की कुणाच्या तरी माथी मारून मोकळं व्हावं, एवढंच वाटत होतं.

त्या सकाळी पाच दिवसांनी नळ आले. आईने लगबगीने पाण्याचे पितळी गुंड, बादल्या, होतं नव्हतं ते पाणी अंगणात ओतायला घेतलं. मी चिडले. पाच दिवस थेंब थेंब पुरवायचा, आणि नळ आले की चांगलं पाणी ओतून द्यायचं!

"शिळं पाणी कायले ठेवतं वं?" आई म्हणाली. "ताजं येऊन राह्यलं ना."

बडबड करत मीही एक गुंड रिकामा केला, विसळायला घेतला, आणि हात तिथेच थांबला.

प्रथिन ज्या खारट पाण्यात रात्रभर ठेवतात, त्यातलंच थोडं बाटलीत राखायचं असतं. त्या नुसत्या पाण्याचं मोजमाप वजा केलं की उरतं ते प्रथिनाचं. पाणी अगदी तेच लागतं. त्या मुलीने चिठ्ठी लावून दिलेली बाटली मी तिकडे, यंत्रापाशी, पहिल्याच सकाळी सिंकमध्ये ओतली होती. छान विसळून, त्याच मापाने ताजं खारट पाणी करून भरलं होतं. कालचं पाणी कोण ठेवतं! कुणाला सांगावं असंही वाटलं नाही. मापं तीच होती, पण पाणी ते नव्हतं, आणि प्रथिनाची एवढीशी हालचाल त्या फरकातच बुडाली.

सरांना फोन करून सगळं कबूल केलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, थोडं प्रथिन फ्रीजरमध्ये शिल्लक आहे, पुन्हा अर्ज करू. माझ्या जिवात जीव आला. लगेच त्या मुलीला फोन लावला, चूक माझी होती म्हटलं, माफी मागितली.

"ताई, उरलेलं मी कालच फेकलं," ती म्हणाली. "सर म्हणाले ना, खराब आहे म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.