लसणाचा वास

आईच्या हातांवर तपकिरी डाग पडायला लागले तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. मनगटापासून बोटांपर्यंत अख्ख्या मसुराएवढे, काही त्याहून मोठे, आणि एक उजव्या कानशिलावर. न्हावऱ्याच्या आमच्या रानात तिनं जन्मभर कांदे लावले, काढले, गायींच्या धारा काढल्या. ऊन कधी चुकवलं नाही. त्या हातांवर डाग आले यात मला काही विशेष वाटलं नाही. तिला मात्र फार लागलं.

आई माळकरी होती. वडील गेल्यावर तिनं गळ्यात माळ घातली आणि कांदा-लसूण सोडला. रानातल्या साठवणीच्या चाळीत कांदा भरलेला असायचा, पण तिच्या ताटात कधी नाही. तिची भांडी वेगळी, तवा वेगळा. स्वच्छतेचं तर तिला वेडच होतं. एकदा जेवताना भावाची धाकटी मुलगी म्हणाली, "आजी, तू हात धुतलं न्हाईस का?" आई हसली, पण ताटावरून उठून परत हात धुऊन आली. मी समोरच बसले होते. त्यानंतर लिंबू झालं, दही-बेसन झालं, बटाट्याच्या चकत्या चोळून झाल्या. डाग होते तिथंच राहिले.

मी लग्न होऊन दौंडला राहत होते, नवरा रेल्वेत. महिन्या-दोन महिन्यांनी चौफुल्याला एसटी बदलून माहेरी जायचे. अशाच एका खेपेला भांडगावची मावशी आलेली दिसली. ही आईची मावसबहीण, बोलायला गोड. त्या काळात साखळी पद्धतीनं गोळ्या-औषधं विकणाऱ्या कंपन्यांच्या गावोगाव मीटिंगा भरायच्या आणि ओळखीतली, नात्यातली माणसंच पिशवीत डबे घेऊन घरी यायची. मावशीनंही ते काम धरलं होतं. तिनं आईपुढं गोळ्यांचा डबा ठेवला आणि एक बाटली, पाण्यात टाकायच्या थेंबांची.

"अगं, अंगातली खनिजं कमी झाली की कातड्यावर डाग येत्यात," मावशी म्हणाली. "वरून काय बी लावून उपेग न्हाई. आतनं भरून काढाय पायजे. माझंच हात बघ."

तिनं हात पुढं केले. हात स्वच्छ होते. पण ते आधी कसे होते हे कुणाला ठाऊक? मावशी शाळेत नोकरी केलेली, सावलीत बसलेली. तिला डाग होते असं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मी तसं विचारल्यावर ती म्हणाली, "होतं, म्हंजी काय, लई होतं." आणि लगेच आईकडं वळून चहा मागितला.

मला ते काही पटलं नाही. कुठल्या गोळीत काय मिसळतात याच्या बातम्या ऐकून होते. मी डब्यातल्या चार गोळ्या घेतल्या, वरच्या लेबलावरचा मजकूर कागदावर उतरवून दौंडला आले आणि आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला दाखवलं. त्यानं चष्मा वर करून वाचलं. "जस्त आहे, तांबं आहे, सेलेनियम आहे. मिनरलच आहेत ताई, शरीराला लागतात. स्टिरॉइड वगैरे काही नाही. डाग जातील का ते मला नका विचारू." मला थोडं हायसं वाटलं. गुण येणार नाही, पण अपाय तरी नाही, असं मी धरून चालले आणि तो विषय सोडून दिला.

पुढच्या खेपेला आईनं दारात येऊन मला जवळ घेतलं तेव्हा वास आला. लसणाचा. उग्र, नुकतीच लसणाची चटणी खाल्ल्यासारखा. संध्याकाळी आईनंच मला गोठ्याकडं नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्या तोंडाला लसणाचा वास येतोय, तुला बी आला न्हवं?"

"आला."

"तुझी वहिनी माझ्या कालवणात घालती. मला बाटवायचं हाय तिला."

वहिनी सरळ बाई. पण सासू-सुनांमध्ये कुठं काय शिजतंय ते बाहेरून कळत नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मुद्दाम रेंगाळले. आईचं पातेलं हुंगलं, तिचा मसाल्याचा डबा उघडून बघितला. लसणाची चटणी वेगळ्या बरणीत, वेगळ्या फळीवर होती. वहिनीनं मला बरणीचं झाकण लावताना पाहिलं. ती भाकरी थापायची थांबली.

"ताई, काय हुडकताय?"

मी काहीबाही सांगितलं. तिला काय समजायचं ते समजलं. "त्यांचा तवा बी मी राखंनं घासून येगळा ठेवती," ती म्हणाली. "एवढं करून माझ्यावरच संशय असंल तर उद्यापास्नं त्यांचं त्यांनी करावं."

आणि तसंच झालं. आईनं ओसरीवर स्वतःची शेगडी मांडली. स्वतः पाणी भरायची, स्वतः शिजवायची, शेजारणीकडचा चहासुद्धा घेईना. भाऊ दोघींच्या मधे सापडला. तो डेअरीवरनं उशिरा यायचा आणि आल्यावर कुणाशीच बोलायचा नाही. पण वास गेला नाही. उलट वाढला. आता तो तिच्या घामालाही यायचा, तिच्या पदरालाही.

मग माझा संशय आईवरच गेला. म्हातारपणी जिभेला चव राहत नाही, चोरून खात असेल आणि सुनेवर ढकलत असेल, असं मनात आलं. मी भावाला तसं म्हटलं. तो म्हणाला, "मी बी तेच म्हणतोय. पण इचारायचं कुणी?" कुणीच विचारलं नाही. घरात मोठी माणसं तीन, चौथी मी, आणि प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या ताटावर, असे ते दिवस होते. पोरं सुद्धा आजीजवळ जाताना नाक मुरडायची आणि आईला ते दिसायचं.

हे किती चाललं असतं कोण जाणे. दिवाळीच्या आधी मी आईच्या डोक्याला तेल लावायला बसले. डोक्यावरचा पदर काढायला ती तयार नव्हती. काढला तेव्हा माझे हात थांबले. भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसत होती. तेलाचं बोट फिरवलं तर केस बोटांबरोबर आले. "कवापास्नं हे?" मी विचारलं. तिनं पदर परत डोक्यावर ओढला. मी तिचे हात हातात घेतले. डाग होते तसेच होते, पण नखांवर पांढरे पट्टे पडले होते आणि दोन नखं मुळापासून तुटायला आली होती.

तिचं काही न ऐकता मी तिला दौंडला घेऊन आले. निघताना तिनं पिशवीत कपड्यांखाली डबा आणि बाटली सरकवलेली मी बघितली. तोवर त्या गोळ्यांची मला आठवणही राहिली नव्हती.

दौंडच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी नखं बघितली, केस बघितले, आणि आई बोलायला लागल्यावर किंचित मागे सरकल्या. "लसूण फार खाता का आजी?"

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माळ हाय माझ्या गळ्यात," एवढंच म्हणाली.

"मग गोळ्या कसल्या घेता?"

मी पिशवीतून डबा आणि बाटली काढून टेबलावर ठेवली. बाईंनी दोन्हीची लेबलं वाचली. दोन्हीत सेलेनियम होतं. "किती घेता?" त्यांनी विचारलं. आईनं खाली बघत सांगितलं, की डाग जाईनात म्हणून मावशीनं दुप्पट घ्यायला सांगितल्या आणि तिनं स्वतःहून त्यावर आणखी वाढवल्या. थेंब वेगळेच.

"हे थोडं लागतं शरीराला, पण जास्त झालं की विषासारखं," बाई म्हणाल्या. "श्वासाला लसणाचा वास येतो, केस जातात, नखं तुटतात. मला तरी ह्याचंच वाटतंय. आजपासून बंद करा, बाकी तपासण्या करून घेऊ. आणि हातावरचे डाग उन्हाचे आहेत, वयाचे आहेत. त्यांना काही करायचं नाही."

आई बराच वेळ टेबलावरच्या बाटलीकडं बघत होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "म्हंजी तिनं काय घातलं न्हवतं." मी म्हणाले, "नाही."

मी चिडून भांडगावला गेले. मावशीला चांगलं सुनवायचं असं ठरवून गेले होते. तिनं दार उघडलं आणि तोच वास माझ्या नाकाशी आला. घरात असूनही तिच्या डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला होता. मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"आतली घाण भाईर पडती तवा असं हुतंय," ती म्हणाली. "मीटिंगमधी सांगितलंय आमाला. घाण निघून गेली की केस परत येत्यात."

"मावशी, तुम्ही तरी बंद करा."

"बघू," ती म्हणाली आणि रुमाल कपाळावर ओढला. तिच्या मागं कपाटात डबे रचलेले दिसत होते. तिचा त्या गोळ्यांवर खरंच विश्वास होता, की तो कपाटभर माल तिला सोडवत नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं आम्हाला फसवलं असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटली नाही.

आईचा वास काही आठवड्यांत गेला. केस यायला उन्हाळा उजाडला, तेही पूर्वीसारखे दाट नाहीत. गावी परतल्यावर तिनं ओसरीवरची शेगडी उचलून आत नेली आणि वहिनीला म्हणाली, "आजपास्नं तू कर माझं."

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. "नको आत्याबाई. परत वास आला तर मी कुठं जाऊ?"

आई उभीच राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती. शेवटी म्हणाली, "माझं चुकलं." भाऊ दारात होता, मी होते. आम्ही दोघंही बाहेर निघून गेलो.

वहिनीनं लगेच ऐकलं नाही. काही दिवस दोन चुली वेगळ्याच पेटल्या. मग तिनं होकार दिला तो एका अटीवर, की आपण स्वयंपाक करत असताना आत्याबाईंनी समोर पाटावर बसायचं आणि भांड्यात काय पडतंय ते डोळ्यांनी बघायचं. आई बसायला लागली. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा आई पाटावर बसून मेथी निवडत होती आणि वहिनी तिला माहेरच्या भांडणाची हकिगत सांगत होती. भांड्याकडं दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.